ठिपक्यांचं माळरान

(अंधार. तंबूचं कापड वाऱ्याने हलतंय. लांबवर एक हाळी उठते, खालच्या सुरातून वर चढत जाणारी.)

हे तरस. रात्रीचे अडीच वाजलेत. तंबूच्या मागे तालेक नदी आहे आणि तिच्या काठावर कुठेतरी पाणघोडे घुरघुरताहेत. दिवसभर पाण्यात बुडून राहणारा हा प्राणी रात्री चरायला बाहेर पडतो. बाबा शेजारच्या खाटेवर जागेच आहेत.

"ऐकलंस?"

"हो, बाबा."

पुढे दोघंही बोललो नाही. कान मात्र उजाडेपर्यंत बाहेरच होते. केनियातलं मसाई मारा, आयुष्यातली पहिली आफ्रिकन सफारी आणि तिची ही पहिली रात्र. झोप हवी होती कुणाला!

(आदल्या दिवशीची दुपार. उघडा माळ, वर भलंमोठं आभाळ. धुळीच्या रस्त्यावर एक लँडक्रूझर.)

'सफारी' हा स्वाहिली शब्द. अर्थ प्रवास. अरबी 'सफर'मधून आलेला, म्हणजे आपल्या सफरीचा सख्खा भाऊ. असे नातेवाईक शब्द इथे पावलोपावली भेटतात. गाडीला 'गारी', चहाला 'चाय', पैशाला 'पेसा', लाखाला 'लाकी'. आमचा मसाई गाईड पहिल्या दिवसापासून बाबांना 'बाबा' म्हणू लागला. माझं ऐकून म्हणत असेल, असं आम्हाला वाटलं. स्वाहिलीतही वडीलधाऱ्यांना बाबाच म्हणतात हे कळल्यावर आमचे बाबा इतके खूश झाले की त्यांनी त्याला घरच्यासारखं 'अरे बाळा'च सुरू केलं.

निघण्याआधीची धावपळ थोडक्यात सांगते. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचं पिवळं कार्ड भारतात परतताना विमानतळावर दाखवावं लागतं. मग मुंबई ते नैरोबी विमान, आणि तिथून रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावरून खाली उतरत, नारोक गाव मागे टाकत पाच-सहा तासांचा रस्ता. अंग आंबतं. पण मग गेट येतं.

गेटातून आत शिरलो आणि शंभर पावलांवर झेब्रे उभे होते. वीस-पंचवीस असतील. अगदी रस्त्याच्या कडेला. मी ओरडलेच. गाईडने इंजिन बंद केलं. पुढे सिंह, हत्ती सगळं आहे हे त्याला ठाऊक होतं. तरी तो आमच्याबरोबर अर्धा तास झेब्रे बघत बसला. त्यांची मान एकमेकांच्या पाठीवर टेकवून उभं राहायची पद्धत बघण्यासारखी आहे: एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. दोघांत मिळून चारी दिशांवर नजर राहते आणि शेपटीने एकमेकांच्या तोंडावरच्या माश्याही उडतात.

(उंचावरून दिसणारं मारा. पिवळं गवत, त्यावर झुडपांचे आणि ढगांच्या सावल्यांचे ठिपके.)

मसाई लोकांच्या मा भाषेत 'मारा' म्हणजे ठिपकेदार. टेकडीवर चढून खाली पाहिलं की नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. राखीव क्षेत्र साधारण 1,510 चौरस किलोमीटरचं. दक्षिणेला ते टांझानियाच्या सेरेंगेटीला सलग जोडलेलं, मध्ये कुंपण नाही. दोन देशांची सीमा फक्त नकाशावर. विल्डेबीस्टचे लाखोंचे कळप जुलै-ऑगस्टमध्ये तिकडून इकडे येतात, मारा नदी ओलांडतात, ते दृश्य सगळ्यांनी कधी ना कधी टीव्हीवर पाहिलेलं असतं. आम्ही गेलो फेब्रुवारीत. तेव्हा ते कळप दूर दक्षिणेला असतात आणि त्यांच्या पिलांचा जन्म होत असतो. पहिल्या सफारीसाठी ही वेळ मला फार आवडली. गाड्या कमी, घाई नाही, आणि माराचे कायमचे रहिवासी सगळे घरी.

ताडोबात बांबूच्या आड काय असेल या विचाराने छाती धडधडते. तिथली सगळी गंमत त्या आडोशात आहे. इथे आडोसाच नाही. दोन किलोमीटरवरचा जिराफ नुसत्या डोळ्यांनी दिसतो. माळावर मधूनच एकटं झाड उभं असतं, खालून सपाट कातरल्यासारखं. ती जिराफांची कातरी: त्यांची मान पोहोचते तिथपर्यंतचा पाला साफ. झाड कुठलं म्हणून बाबांनी विचारलं, गाईडने शास्त्रीय नाव सांगितलं, बॅलनाइटिस इजिप्टियाका. बाबा आयुष्यभर शेतकी खात्यात होते. त्यांनी काटे पाहिले, जोडीजोडीने येणारी पानं पाहिली आणि म्हणाले, "अगं, हे तर आपलं हिंगणबेट!" खरंच हिंगणबेट. माणगंगेच्या कोरड्या माळावर ज्याच्या सावलीला बसून भाकरी खाल्ली, ते झाड इथे जिराफाला चारा देत उभं होतं.

हत्तींजवळ आम्ही सगळ्यात जास्त थांबलो असू. एक मादी गाडीपासून इतक्या जवळ आली की गवत उपटल्याचा चर्र आवाज ऐकू येत होता. सोंडेने जुडी धरायची, पायाच्या नखांनी बुडख्यात हलकी लाथ मारायची, जुडी सुटली की गुडघ्यावर दोनदा झटकायची, माती झडली की तोंडात. पुन्हा तेच. आमच्याकडे तिने एकदाच पाहिलं. तिच्या पोटाखालून दोन महिन्यांचं पिल्लू बाहेर आलं, त्याला स्वतःच्या सोंडेचं काय करायचं ते अजून कळत नव्हतं. ते ती गोल फिरवून पाहत होतं.

(पहाट. गार वारा. गाडीच्या उघड्या छतातून दिसणारं तांबूस आभाळ.)

विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, तरी पहाटे हुडहुडी भरते, कारण हा सगळा प्रदेश समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे. गाईडने आपली लाल चौकड्यांची शुका, म्हणजे मसाई लोक अंगावर घेतात ती चादर, बाबांच्या खांद्यावर टाकली. सहा वाजले होते. आणि तेवढ्यात एक पक्षी बोलला. चिवचिवाट, बारीक, थोडा आर्त.

"कुठला पक्षी?" बाबांनी विचारलं.

गाईडने बोट ओठांवर ठेवलं. "पक्षी नाही, बाबा. आई पोरांना हाक मारतेय."

वारुळावर चित्ता बसलेली होती.

मी आधी आजोबांची गोष्ट सांगते. आम्ही कोल्हापूरचे. संस्थानाच्या काळात कोल्हापुरात पाळलेले चित्ते असत, त्यांच्याकडून काळवीटांची शिकार करवत. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीतून माळावर न्यायचे, काळवीट दिसलं की टोपी काढायचे. त्यांना सांभाळणारे ते चित्तेवान. आजोबांनी लहानपणी असा चित्ता दोरीने धरून नेताना पाहिला होता, आणि बाबा ही गोष्ट ऐकतच मोठे झाले. पण तोवर आपल्या माळावरचे चित्ते इतके कमी झाले होते की संस्थानिक ते आफ्रिकेतून मागवत. आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात 1947 साली तीन चित्ते मारले गेले, 1952 मध्ये भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. नाव तर आपलंच: चित्रक, म्हणजे ठिपक्यांचा. जगाने आपल्याकडून शब्द घेतला आणि आपण प्राणी घालवून बसलो. 2022 पासून कुनोत आफ्रिकेतले चित्ते आणलेत. ते तिथे रुजावेत असं मनापासून वाटतं.

(वारुळावरची मादी. गवतातून दोन पिल्लं येतात. मागे निवेदन थांबतं. फक्त तिची हाक.)

चित्त्याला डरकाळी फोडता येत नाही. तो पाखरासारखा चिवचिवतो आणि मांजरासारखा घुरघुरतो. दोन पिल्लं गवतातून आली, पाठीवर अजून करड्या केसांची झालर. आईने एकाचं तोंड चाटलं. डोळ्यांच्या कोपऱ्यापासून ओठांपर्यंत ओघळलेल्या त्या काळ्या रेषा, सडपातळ कंबर, आणि बसल्या जागी सगळ्या माळावर फिरणारी शांत नजर. टोपी नाही, दोरी नाही. बाबांनी कॅमेरा मांडीवर ठेवला तो उचललाच नाही.

दूर थॉमसन्स गॅझेल चरत होते, आपल्या चिंकाऱ्याचे चुलतभाऊ. ती उतरली. मान खाली, पाठ सपाट, एक पाऊल, मग थांबणं. पिल्लं वारुळाशीच दबून बसली. हे सगळं कुणी कधी शिकवलं असेल त्यांना!

तेवढ्यात रेडिओ खरखरला. गाईडने मागे वळून पाहिलं. धुळीचे लोट. एक गाडी, दुसरी, चौथी.

एका प्राण्याजवळ पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, पंचवीस मीटरचं अंतर ठेवा, असा इथला नियम आहे. तो पाळला जातोच असं नाही. चित्ता दिवसा शिकार करतो, त्यामुळे गाड्यांचा त्रास सगळ्यात जास्त त्यालाच होतो. मारातच झालेल्या एका अभ्यासात दिसलं की जिथे पर्यटक जास्त, तिथे चित्त्याची फारच थोडी पिल्लं जगून मोठी होतात. आमच्या गाईडने आम्हाला हे काही ऐकवलं नाही. त्याने फक्त विचारलं, "बाबा, जाऊ या? तिला जागा हवीय."

साठ-सत्तर वर्षं मनात धरलेलं दृश्य समोर होतं. ती कुठल्याही क्षणी धावणार होती.

"चल," बाबा म्हणाले.

शिकार झाली का, आम्हाला माहीत नाही. गाडी लांब गेल्यावर बाबांनी शुका डोळ्यांवर धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मी बाहेर बघत राहिले.

(संध्याकाळ. शेकोटी. तालेकचं पाणी.)

रात्री गाईड त्याच्या गावाबद्दल बोलत होता. राखीव क्षेत्राच्या उत्तरेला मसाई कुटुंबांनी आपल्या जमिनी एकत्र करून कॉन्झर्व्हन्सी उभ्या केल्यात. तंबूवाले त्यांना जमिनीचं भाडं देतात, गुरं ठरलेल्या पद्धतीने चरतात आणि वन्यप्राण्यांना मोकळा वावर मिळतो. केनियाने शिकारीवर बंदी घातली 1977 मध्ये. पण गोळीपेक्षा आता भीती कुंपणांची आणि पाण्याची. मारा नदी उगम पावते माऊच्या जंगलात, आणि ते जंगल तोडलं जातंय. "नदी आटली तर कोण येणार?" तो म्हणाला, आणि शेकोटीत एक लाकूड सारलं. बाबांनी त्याला पाणलोटाची कामं, चर, बंधारे, सगळं विचारून घेतलं. दोघे उशिरापर्यंत बोलत होते, अर्धं इंग्रजी, अर्धं हातवाऱ्यांनी. मग टॉर्च घेतलेला आस्कारी, म्हणजे रखवालदार, आम्हाला तंबूपर्यंत सोडायला आला. रात्री तिथे एकट्याने चालायचं नसतं.

(शेवटची सकाळ. गाडी गेटाच्या दिशेने.)

चार दिवसांत सिंह पाहिले, एक बिबट्या झाडावर लोंबती शेपटी सोडून झोपलेला पाहिला, काळा गेंडा लांबून पाहिला. दुपारी विमान होतं. गेट दिसायला लागलं आणि कडेला झेब्रे उभे होते. तेच असतील, नसतील. एकमेकांच्या पाठीवर मान टेकवून.

आम्ही कुणीच काही म्हटलं नाही. गाईडने आपणहून इंजिन बंद केलं.