सारंगखेड्याचा घोडेबाजार: भाव नेमका कशाला मिळतो?

दत्तजयंती आली की नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला, तापीच्या काठी, एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेसोबत घोड्यांचा बाजार. इथली मंडळी सांगतात तीनशे वर्षांहून जुना बाजार आहे हा. राजस्थान, पंजाब, गुजरात, यूपी, एमपी, कुठून कुठून घोडे येतात. अलीकडे चेतक फेस्टिव्हल म्हणून मोठा इव्हेंटच झालाय, तंबू, स्टेज, लाइट्स, सगळं.

तो घोडा बघा, कानाची टोकं आत वळून एकमेकांना टेकलीयेत ना, तो मारवाडी जातीचा. त्याच्या शेजारी पांढराशुभ्र, नाकाची कातडी गुलाबी, तो नुकरा, लग्नाच्या वरातीत नवरदेवाखाली असतो तोच. त्याची कातडी उन्हात लवकर भाजते, आणि इथे डिसेंबरातसुद्धा दुपारचं ऊन चांगलंच लागतं, तरी सगळ्यात उघड्यावर बांधलेले बहुतेक हेच दिसतात, कारण लांबून गिऱ्हाईकाच्या नजरेत भरले पाहिजेत.

दरवर्षी बातमी येते, अमुक घोड्याला एवढे लाख, तमुक घोड्याला कोटीची मागणी. आपणही ते रील फॉरवर्ड करतो. पण हा पैसा नेमका कशाचा? रंगाचा, उंचीचा, अंगावरच्या भोवऱ्यांचा. गळ्यावरचा देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, असला की किंमत चढते, भोवरा चुकीच्या जागी निघाला की चांगला धडधाकट घोडासुद्धा पडेल भावात जातो. आणि मग नाच. ढोल वाजला की पुढचे पाय उचलून नाचणारा घोडा असेल तर गर्दी तिकडेच.

तो नाच जरा जवळून बघू. गर्दीचं लक्ष पायांकडे असतं, आपण तोंडाकडे बघू. लगाम इतका खेचलाय की हनुवटी छातीला टेकलीये, तोंडाला फेस, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, शेपटी सारखी फटकारतोय. लोकांना वाटतं घोडा रंगात आलाय, पण घोडा समजणाऱ्या कुणालाही विचारा, ही त्रासाची लक्षणं आहेत. काही लगामांच्या तोंडातल्या कडीला काटे असतात. 1965 च्या केंद्राच्या नियमांत असे काटेरी लगाम वापरायला सरळ बंदी आहे, साठ वर्षं झाली त्याला. आणि दंड म्हणाल तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये. हो, पन्नास. बाजारात चहा-भज्याला त्याच्यापेक्षा जास्त जातात, मग घाबरणार कोण?

आता दावणीकडे चला, कारण खरी गोष्ट नाचाच्या रिंगणात नाही, दावणीला आहे. पुढून दोन दोऱ्या ती अगाडी, मागच्या पायाला बांधलेली पिछाडी. पिढ्यान्‌पिढ्या असंच बांधतात आणि एवढ्या गर्दीत मोकळा घोडा ठेवणं शक्यही नाही, ते मान्य. पण दोरी किती आखूड असावी? घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो हे सगळ्यांना माहितीये, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ आडवं व्हावंच लागतं, आणि दोन्हीकडून ताणून बांधलेला घोडा आडवा होणार कसा, त्यात रात्री उशिरापर्यंत स्पीकर. यात्रा संपेपर्यंत हे असंच चालू. पिछाडीचा दोर जिथे घासतो तिथले केस गेलेले, कातडी सोललेली, बघायचं म्हटलं तर दोन मिनिटांत दिसतं.

पंजाबातून इथे यायचं म्हणजे हजार किलोमीटरच्या वर प्रवास, तोही ट्रकात. 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांत घोड्यांसाठी वेगळं प्रकरणच आहे, एका गाडीत चार ते सहाच जनावरं, मधे बांबू, निघण्याआधी डॉक्टरचा दाखला. कागदावर सगळं व्यवस्थित आहे. पण एवढ्या प्रवासात घोडा पाणी कमी पितो, इथे आल्यावर चारा बदलतो, वर तो दमलाय म्हणून कुणीतरी प्रेमाने चंदी, म्हणजे दाणा, जास्त टाकतं, आणि होतो पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात जे अडकलं ते अडकलं. मग तो सारखा वळून पोटाकडे बघतो, पाय आपटतो, लोळतो. अशा वेळी डॉक्टर हाकेच्या अंतरावर लागतो, मोबाइलवर सांगितलेला उपाय नाही.

आणखी एक विषय व्यापारी मोठ्याने बोलत नाहीत, ग्लँडर्स नावाचा घोड्यांचा संसर्गजन्य रोग. नाकातून घट्ट स्राव, अंगावर गाठी, जखमा. माणसालाही होतो. जनावरावर उपचार नाही, रक्ततपासणीत पॉझिटिव्ह आला तर कायद्याने घोडा मारावा लागतो. आता सांगा, लाखोंचा घोडा घेऊन आलेला माणूस स्वतःहून तपासणीला कसा जाईल? त्याला वाईट माणूस म्हणून मोकळं होता येत नाही. पण शे-दोनशे घोडे एकाच टाकीला तोंड लावत असतील तर लपवलेला एक आजारी घोडा सगळ्यांना महागात पडतो. म्हणून तपासणी गेटवरच हवी, आत शिरण्याआधी.

इथे सगळेच घोड्याचे हाल करतात असं अजिबात नाही. पोरासारखा जपणारे आहेत, आधी घोड्याला पाणी मग स्वतःला चहा. इंग्लंडात ॲपलबीला अशीच जुनी घोडेजत्रा भरते, तिथे प्राणिसंस्थांची माणसं आणि डॉक्टर जत्राभर फिरत असतात, तरी जत्रा काही बंद पडली नाही. आपल्याकडे बक्षिसं नाचाला आणि चालीला आहेत, तब्येतीला आणि खुरांना एखादं मोठं बक्षीस ठेवा की. ज्याला भाव मिळतो तेच व्यापारी जपतो, साधा हिशोब आहे.

तोवर गिऱ्हाईकाच्या हातात बरंच आहे. घ्यायला आलात तर आधी ढोल बंद करायला सांगा. घोडा मोकळ्या दोरीवर, कडक जमिनीवर, सरळ पळवून बघा. एक पुढचा पाय टेकताना दरवेळी डोकं वर उडत असेल तर तो पाय दुखतोय. ओठांचे कोपरे बघा, फाटलेत का, तिथे जुने पांढरे वण आहेत का. खूर उचलून बघा, नाल कधी बदललीये विचारा. आणि विकणारा "अहो नाच तर बघा आधी" म्हणत घाई करायला लागला, तर सरळ पुढच्या दावणीला जा.