माणसाला शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत?

मंडळी, मी २२ वर्षं कॅज्युअल्टीत परिचारिका होते. रात्री स्ट्रेचर आत येतं, मागोमाग मुलगा, सून, शेजारी. काय झालं ते सगळे एकदम सांगतात. पण "किती वाजता?" म्हटलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

लकव्याचंच घ्या. तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड. मेंदूत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. आणि हे तास मोजायचे ते माणसाला शेवटचं धड पाहिलं तेव्हापासून. तुमच्या लक्षात कधी आलं, ते इथे धरत नाहीत.

एका पहाटे सहाला एका आजोबांना आणलं. रात्री दहाला जेवून झोपले, असं मुलानं सांगितलं. म्हणजे आठ तास गेले. आजी बाहेर बाकावर बसल्या होत्या, त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. मी पाणी द्यायला गेले, तर म्हणाल्या, "साडेतीनला उठले होते गं, पंखा कमी कर म्हणाले." मी तशीच आत पळाले. सारा हिशेबच बदलला, आणि इंजेक्शन वेळेत देता आलं.

म्हणून सांगते, जो माणसाजवळ होता त्याला आत येऊ द्या. मोठा मुलगा फॉर्म भरेल, पैशांचं बघेल. बोलायला आजी हव्यात.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. "सकाळी एक पांढरी, रात्री अर्धी गुलाबी" यावरून आम्हाला काहीच कळत नाही. निदान रिकाम्या पाकिटांसकट पिशवी उचलून आणा. त्याहून बरं म्हणजे आजच एका कागदावर गोळ्यांची नावं, मिलिग्रॅम आणि वेळा लिहा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तिच्याखाली ठळक रेघ मारा, कारण ती चालू असेल तर गुठळीचं इंजेक्शन द्यायचं की नाही हे शेवटची गोळी कधी घेतली त्यावर ठरतं. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, तेही लिहा. इन्सुलिन घेऊन जेवण राहिलं असेल तर दारातच सांगा. साखर फार उतरली की माणूस असाच बरळतो, कधी एक बाजूही लुळी पडते, अगदी लकव्यासारखी.

कागद फ्रिजवर लावा, त्याचा फोटो शेजाऱ्यांच्या मोबाइलमध्येही असू द्या. औषध बदललं की त्याच दिवशी खोडा आणि तारीख घाला.

चष्मा आणि श्रवणयंत्र विसरू नका. ऐकू न येणारे काका प्रश्नाला भलतंच उत्तर देतात, आणि शुद्ध हरपत चालली की काय अशी आम्हाला शंका येते. एवढ्यावरून किती धावपळ होते!

१०८ ला फोन केलात की एकानं खाली फाटकाशी उभं राहावं. जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. पक्की खुर्ची कोणती, जिना कोण उतरवणार, हे आधी बोलून ठेवा. तोवर तोंडात पाणी घालू नका. लकव्यात गिळता येत नाही, ते श्वासनलिकेत जातं. प्रेशरची गोळीही आपल्या मनानं देऊ नका.

कागदपत्रं शोधत घरी थांबू नका. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जीव वाचवणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे. पोलिसांचे सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत. आधार आणि रेशनकार्ड मागून कुणीतरी आणून देईल. महात्मा फुले योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना गाठा.

आता मी कोरे कागद वाटते. पेनं आणली आहेत. ज्यांना गोळ्यांची नावं आठवत नाहीत त्यांनी घरी फोन लावा, मी थांबते.