टीबी-303 आणि अ‍ॅनालॉग आवाजाची ओढ

(पडद्यावर: चंदेरी प्लास्टिकची पेटी. वरच्या ओळीत सहा लहान नॉब, खाली एका सप्तकाची बटणे.)

हातात सहज मावणारी ही पेटी म्हणजे जपानच्या रोलँड कंपनीचा टीबी-303 हा सिंथेसायझर. टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बेस. घरी एकट्याने रियाज करणाऱ्या गिटारवादकाला खर्जातली साथ मिळावी, एवढ्याच हेतूने तो 1981 च्या अखेरीस बाजारात आला. बेस गिटारसारखा तो कधीच वाजला नाही. त्यात सुरावट भरण्याची रीत किचकट होती आणि 1984 पर्यंत त्याचे उत्पादन बंद झाले. तोवर सुमारे 10,000 पेट्या तयार झाल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच सेकंड-हँड दुकानांत अगदी स्वस्तात पडून राहिल्या. आज त्याच पेटीसाठी संग्राहक लाखांत रक्कम मोजतात, तिच्या हुबेहूब नकला निघतात आणि तिच्या आतले सर्किट बदलून तिला नवा आवाज देणे हे एका तंत्रज्ञाचे अनेक वर्षांचे काम होऊन बसले आहे. जुन्या, नव्या आणि बदल केलेल्या अ‍ॅनालॉग सिंथेसायझरांची ओढ नेमकी कशाची असते, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण मला दिसत नाही.

अ‍ॅनालॉग सिंथेसायझरमध्ये आवाज हा आरंभापासून अखेरपर्यंत बदलते व्होल्टेज असतो. ऑसिलेटर ते व्होल्टेज ठरावीक गतीने वरखाली करतो, फिल्टर त्यातली वरची कंपने कापतो आणि अ‍ॅम्प्लिफायर आवाजाला उठाव आणि उतार देतो. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग गावी काम करणारे रॉबर्ट मूग यांनी 1964 मध्ये संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सोबतीने जे यंत्र उभे केले, त्यातली मोलाची कल्पना अशी होती की या सगळ्या भागांचे नियंत्रणही व्होल्टेजनेच व्हावे. एक व्होल्ट वाढला की स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. त्यामुळे एका भागातून निघालेली वीज दुसऱ्या भागाला वळण देऊ शकते आणि मध्ये कुठेही आकडेमोड येत नाही. भारतातही हे यंत्र फार उशिरा आले नाही. 1969 मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारला आणि गीता साराभाई, अतुल देसाई यांच्यासारख्यांनी तेथे ध्वनिमुद्रणे केली. तो विषय स्वतंत्र माहितीपटाचा आहे. आपण 303 कडे वळू.

303 मध्ये ऑसिलेटर एकच आहे. तो करवती किंवा चौकोनी तरंग देतो, म्हणजे एका वेळी एकच स्वर वाजतो. त्यापुढे फिल्टर आणि त्यापुढे अ‍ॅम्प्लिफायर. कागदावर इतके साधे दिसणारे हे वाद्य ऐकताना मात्र जिवंत वाटते, आणि त्याचे कारण दोन लहानशा सर्किटांत सापडते.

(पडद्यावर: उघडलेली पेटी, सर्किट बोर्डाचे जवळून चित्रण.)

पहिले सर्किट अ‍ॅक्सेंटचे. सुरावटीतल्या एखाद्या स्वरावर अ‍ॅक्सेंट, म्हणजे जोर, टाकला की तो स्वर मोठा वाजतो, त्या स्वरापुरता फिल्टर मिटण्याचा वेळ सर्वांत आखूड, सुमारे 200 मिलिसेकंद, होतो आणि फिल्टरला थोडे जास्तीचे व्होल्टेज मिळून तो नेहमीपेक्षा अधिक उघडतो. हे जास्तीचे व्होल्टेज एका कपॅसिटरमार्गे, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या भागामार्गे, जाते. पहिल्या अ‍ॅक्सेंटला तो कपॅसिटर भरतो आणि मग हळूहळू रिता होऊ लागतो. लगेच पुढच्या स्वरावरही अ‍ॅक्सेंट असेल, तर पुरता रिता होण्याआधीच तो पुन्हा भरला जातो, आणि म्हणून दुसरा स्वर पहिल्यापेक्षा आणि तिसरा दुसऱ्यापेक्षा तीक्ष्ण येतो. सूचना तीच, जोर तोच, तरी तीन स्वर तीन तऱ्हांनी वाजतात, कारण मागे काय वाजून गेले याची खूण त्या कपॅसिटरमधल्या विद्युतभारात उरलेली असते. यात आणखी एक गंमत आहे. रेझोनन्स म्हणजे फिल्टर जिथून कापायला लागतो तिथली कंपने उठावदार करणे. त्याच्या नॉबखाली एकाच दांड्यावर दोन पोटेन्शियोमीटर, म्हणजे फिरवून विजेला कमीअधिक अडवणारे भाग, बसवलेले आहेत. त्यातला एक फिल्टरचा रेझोनन्स बदलतो आणि दुसरा याच अ‍ॅक्सेंटच्या सर्किटात जोडलेला आहे, त्यामुळे रेझोनन्स वाढवला की जोर दिलेल्या स्वरांची घडणही बदलते. वाजवणाऱ्याला ही जोडणी ठाऊक असण्याची गरज नाही. थोड्याच वेळात त्याच्या बोटांना ती उमगते.

दुसरे सर्किट स्लाइडचे, आणि भारतीय कानाला ते अधिक जवळचे आहे. दोन स्वरांमध्ये स्लाइड लावली की पहिला स्वर न तुटता दुसऱ्यावर घसरत जातो, आरंभी वेगाने आणि पोहोचता पोहोचता संथ. हे ऐकताना मींडेची आठवण होणे स्वाभाविक आहे. तरीही ही मींड नव्हे. मूळ 303 मध्ये या घसरणीला लागणारा वेळ सुमारे 60 मिलिसेकंदांवर कायमचा बांधलेला आहे. षड्जावरून ऋषभावर जायचे असो की थेट तारषड्जावर, वेळ तेवढाच. आपल्याकडे मींडेचा वेग राग ठरवतो, लय ठरवते, गाणाऱ्याचा श्वास ठरवतो. 303 मध्ये तो एक रेझिस्टर, म्हणजे विजेचा ओघ अडवणारा भाग, आणि एक कपॅसिटर मिळून ठरवतात. त्या बंधनातून एक चुटपुटती, लवचिक चाल जन्माला आली आणि तीच या वाद्याची ओळख झाली.

सुरावट भरण्याची रीतही सांगायला हवी, कारण तिचा संगीतावर परिणाम झाला. जास्तीत जास्त 16 मात्रांच्या आवर्तनासाठी आधी सगळे स्वर ओळीने भरायचे, आणि कोणत्या मात्रेवर स्वर वाजेल व कोणत्या मात्रेवर गप्प राहील, हे निराळ्या फेरीत नोंदवायचे. दोन्ही याद्या जुळवताना हमखास काहीतरी वेगळेच तयार होई. ज्यांना ठरलेल्या गाण्याची साथ हवी होती, ते कंटाळले. ज्यांनी जे निघाले तेच कान देऊन ऐकले, त्यांच्या हाती नवे संगीत लागले.

(पडद्यावर: एका जुन्या एलपीचे वेष्टन.)

त्यांपैकी एक मुंबईतले होते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजीत सिंग यांनी 1982 मध्ये टीबी-303, टीआर-808 हे तालयंत्र आणि ज्युपिटर-8 हा मोठा सिंथेसायझर अशी रोलँडची तीन वाद्ये घेऊन ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही एलपी केली. 808 आणि 303 एकाच तारेने जोडून एका लयीत चालवता येत. भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, यमन, मालकंस असे एकेक राग त्या अखंड ठेक्यावर मांडलेले आहेत. तबला मुद्दाम बाजूला ठेवलेला आहे. सुरावट ज्युपिटरवर हाताने वाजते आणि खाली 303 घसरत, उसळत धावत राहतो. तेव्हा ती एलपी फारशी खपली नाही. 2002 मध्ये एदो बाउमन या डच संग्राहकाला ती सापडली, 2010 मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाली आणि चरणजीत सिंग यांना आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत युरोपात तिच्या मैफली करता आल्या. 2015 मध्ये त्यांचे मुंबईत निधन झाले.

दुसरी घटना शिकागोची. डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे या तिघांच्या ‘फ्यूचर’ नावाच्या गटाने सेकंड-हँड 303 वर एकच आवर्तन फिरत ठेवून त्यावर नुसते नॉब फिरवले. 1987 मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ या नावाने ते ध्वनिमुद्रण बाहेर आले आणि त्यावरून अ‍ॅसिड हाउस हा संगीतप्रकार ओळखला जाऊ लागला. हा प्रकार मुळात मुंबईत जन्मला, असे कौतुकाने म्हटले जाते. मला तसे म्हणणे दोन्ही बाजूंवर अन्याय करणारे वाटते. शिकागोच्या मुलांनी ती एलपी ऐकली होती असे मानायला काही आधार नाही, आणि चरणजीत सिंग क्लबसाठी नव्हे तर रागासाठी ते यंत्र वापरत होते. यातली खरी विलक्षण गोष्ट अशी की, एकमेकांना न ओळखणाऱ्या, वेगळ्या संगीतात वाढलेल्या माणसांनी पाच वर्षांच्या अंतराने तीच पेटी हाती घेतली आणि त्यांच्या आवाजात नाते दिसले. ते नाते वर सांगितलेल्या दोन सर्किटांनी जोडलेले आहे. अ‍ॅनालॉग वाद्याला स्वतःचा स्वभाव असतो, असे जेव्हा वादक म्हणतात, तेव्हा मला हा पुरावा आठवतो.

(पडद्यावर: वरच्या बाजूला जास्तीचे नॉब आणि खटके बसवलेली 303.)

स्वभाव आहे म्हटल्यावर तो बदलून पाहण्याचा मोहही आलाच. ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन व्हिटल यांनी 1993 पासून ‘डेव्हिल फिश’ नावाने 303 मध्ये बदल करून द्यायला सुरुवात केली. ते मूळ पेटीलाच भोके पाडून नवे नॉब बसवतात आणि रोलँडने कायमचे बांधून टाकलेले आकडे मोकळे करतात. स्लाइडचा वेळ 60 पासून 360 मिलिसेकंदांपर्यंत हवा तेवढा ठेवता येतो. जोर दिलेल्या आणि न दिलेल्या स्वरांचे उतार वेगवेगळे लावता येतात. मूळ यंत्रात रेझोनन्स कितीही वाढवला तरी फिल्टर आपल्या आपण स्वर देऊ लागत नाही. इथे तो देतो. ऑसिलेटरच्या तरंगाने फिल्टरलाच हलवण्याची सोय आहे, आणि फिल्टरमध्ये आवाज इतक्या जोराने लोटता येतो की तो फाटू लागतो. या कामाबद्दल मला विशेष आदर वाटतो, कारण त्यात सर्किटाचे बारकाईने वाचन आहे. कुठला रेझिस्टर कोणत्या स्वरगुणाला अडवून धरतो, हे समजल्याशिवाय तिथे नॉब बसवता येत नाही. डिजिटल वाद्यात असा बदल करायचा तर त्याची आज्ञावली हाती लागावी लागते. अ‍ॅनालॉग बोर्डावरचे भाग मात्र डोळ्यांना दिसतात, मीटरने मोजता येतात आणि सोल्डरिंगचे साहित्य असले तर घरच्या टेबलावरही बदलता येतात.

जुन्या पेट्यांबद्दल एक मत मोकळेपणाने नोंदवतो. प्रत्येक जुनी 303 थोडी वेगळी वाजते, कारण सुटे भाग ठरलेल्या मूल्यापेक्षा थोडे कमीअधिक असतात आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षांगणिक सुकत जातात. पहिल्या कारणाचे कौतुक जरूर करावे. दुसरे कारण म्हणजे बिघाड आहे. वाळलेला कपॅसिटर बदलला की वाद्याचे ‘मूळपण’ जाते, असे मानून ते कपाटात ठेवणारे संग्राहक आहेत. अशा पेटीचे वाद्यपण संपलेले असते. खरी अडचण रोहम कंपनीच्या बीए662 सारख्या चिपची होती. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये लागणारी ही चिप केव्हाच बनायची थांबली, आणि दुरुस्ती करणाऱ्यांना ती इतर जुन्या यंत्रांतून काढून आणावी लागे.

नव्या यंत्रांची गोष्ट याच टंचाईतून पुढे सरकते. 2005 मध्ये अमेरिकेतल्या लिमोर फ्रीड यांनी ‘झॉक्सबॉक्स’ नावाने 303 च्या सर्किटाची प्रतिकृती काढली, तिचा संपूर्ण आराखडा सर्वांसाठी खुला केला आणि जोडणी स्वतः करण्यासाठी सुटे भाग उपलब्ध करून दिले. त्या पेट्या जोडताना किती जणांना पहिल्यांदा फिल्टर म्हणजे काय हे कळले असेल! 2019 मध्ये बेरिंगर कंपनीने टीडी-3 ही अ‍ॅनालॉग प्रतिकृती मूळ पेटीच्या किमतीच्या लहानशा अंशात आणली. रोलँडने स्वतः 2016 मध्ये टीबी-03 काढली खरी, पण ती डिजिटल आहे; जुन्या सर्किटाचे वागणे ती गणिताने हुबेहूब उभे करते. गाण्यात मिसळल्यावर फरक ओळखणे चांगल्या चांगल्या कानांनाही कठीण जाते, आणि ज्याला केवळ तो आवाज हवा आहे त्याने टीबी-03 बिनदिक्कत घ्यावी. ज्याला आवाजाच्या कारणापर्यंत हात पोहोचवायचा आहे, त्याला मात्र उघडता येईल असेच सर्किट लागते. माझी निवड विचाराल तर ती बंद काचेतल्या मूळ 303 पेक्षा नव्या, स्वस्त आणि उघडलेल्या प्रतिकृतीची असेल.

(पडद्यावर: डेव्हिल फिशची मागची बाजू, जोडणीची छिद्रे.)

डेव्हिल फिशच्या मागे असलेल्या एका छिद्राचा आपल्या संगीताशी थेट संबंध आहे. बाहेरून व्होल्टेज आत घेऊन स्वर ठरवण्याची ती सोय. 303 ची स्वतःची बटणे 12 समान स्वरांच्या बाहेर जाऊ देत नाहीत आणि म्हणून चरणजीत सिंग यांच्या एलपीत राग आहेत, पण खर्जाच्या त्या ओळीत रागांच्या श्रुती नाहीत. व्होल्टेजला मात्र पायऱ्या नसतात. एक व्होल्टचे 12 भाग केले तर एका अर्धस्वराला सुमारे 83 मिलिव्होल्ट येतात. दरबारी कानड्याचा कोमल गंधार त्या खुणेच्या किंचित खाली बसवायचा असेल तर काही मिलिव्होल्ट कमी करायचे, आणि त्यावरचे आंदोलन हवे असेल तर त्याच व्होल्टेजला अगदी संथ हेलकावा द्यायचा. जर्मनीच्या डीटर डोएप्फर यांनी 1990 च्या दशकाच्या मध्यात रूढ केलेल्या युरोरॅक पद्धतीच्या मॉड्यूलांमधून, म्हणजे एका चौकटीत बसवून तारांनी जोडायच्या सिंथेसायझरच्या सुट्या भागांमधून, असे व्होल्टेज सहज मिळते. ज्याच्या गळ्यात किंवा बोटांत हे राग आधीपासून आहेत, अशा मुंबई-पुण्याच्या एखाद्या तरुण वादकाने त्या छिद्रात तार जोडावी आणि 60 मिलिसेकंदांची ती घसरण 360 पर्यंत ताणून दरबारीची मींड कुठवर साधते, हे ऐकून पाहावे.