जड पाण्याला घाबरू नका, क्षारता मोजा

मंडळी, बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. तरी घरी बिअर करणाऱ्याचा सगळा जीव माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि यीस्टच्या निवडीत गुंतलेला असतो. पाण्याबद्दल विचारलंच तर एवढंच विचारतात, ‘आमचं पाणी जड आहे, चालेल का?’ चालेल. जडपणा देणारं कॅल्शियम आपल्याला हवंच असतं. अडचण करते ती क्षारता, म्हणजे मुख्यतः पाण्यातलं बायकार्बोनेट.

आधी नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचं उरकून टाकू. माल्टमधल्या फिनॉलशी त्याचा संयोग झाला की औषधी वास येतो, आणि एकदा आला की जात नाही. साधं क्लोरीन पाणी उकळल्यावर उडून जातं, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) मात्र चिवट असतं. दोन्हींवर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट चालतं. 20 लिटरला पाव ग्रॅमसुद्धा लागत नाही.

आता मूळ मुद्दा. मॅशमध्ये, म्हणजे माल्टचा भरडा गरम पाण्यात भिजत असताना, पीएच 5.2 ते 5.6 च्या दरम्यान हवा. नमुना थंड करूनच मोजा. पीएच वर राहिला तर स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स मंदावतात, आणि पुढे माल्ट धुताना टरफलांतला तुरटपणा उतरतो. (ही पीएचची मोजपट्टीसुद्धा बिअरवाल्यांच्याच घरातली: सोरेनसेन यांनी ती 1909 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली.)

कॅल्शियम माल्टमधल्या फॉस्फेटला धरून तळाशी बसतं आणि त्या क्रियेत आम्लता मोकळी होते. बायकार्बोनेट तीच आम्लता गिळून टाकतं. या ओढाताणीत शेवटी किती क्षारता उरते, याचा हिशोब पाउल कोल्बाख या जर्मन शास्त्रज्ञानं 1953 मध्ये दिला. मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये तो असा: कॅल्शियमला 1.4 नं आणि मॅग्नेशियमला 1.7 नं भागा, दोन्ही उत्तरं एकूण क्षारतेतून वजा करा. क्षारता मात्र कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात दिलेली हवी. पाण्याच्या तपासणी अहवालात नुसतं बायकार्बोनेट असेल तर 0.82 नं गुणा.

समजा क्षारता 200, कॅल्शियम 70, मॅग्नेशियम 17. दोनशेतून पन्नास आणि दहा गेले, उरले 140. फिकट बिअरसाठी हे फार झालं. निम्मं पाणी आरओचं घेतलं की 70 उरतात. त्यात लिटरला 0.2 ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) घातलं, म्हणजे 20 लिटरला 4 ग्रॅम, की कॅल्शियम सुमारे 47 नं वाढतं आणि उरलेली क्षारता 37 वर येते. बाकीचं काम थोडं लॅक्टिक आम्ल करेल, पण ते थेंबाथेंबानं घाला आणि पीएच बघत राहा.

काळपट भाजलेलं माल्ट स्वतःच आम्लधर्मी असतं, म्हणून डब्लिनच्या बायकार्बोनेटयुक्त पाण्यात स्टाउट ही काळी बिअर जमली. चेक प्रजासत्ताकातल्या पिल्सनचं पाणी अगदी मऊ. तिथे 1842 मध्ये सोनेरी लागर जन्मली. इंग्लंडमधल्या बर्टनच्या पाण्यात भरपूर जिप्सम, म्हणून तिथली पेल एल गाजली. मात्र या शहरांच्या पाण्याचे आकडे जसेच्या तसे नक्कल करण्याच्या मी ठाम विरोधात आहे. ब्रुअर मंडळी पाणी उकळून, गाळ बसवून वापरत आली आहेत. विहिरीतले आकडे म्हणजे मॅशमधले आकडे नव्हेत.

चवीचं थोडक्यात: सल्फेटनं हॉप्सचा कडवटपणा कोरडा, ठसठशीत होतो, क्लोराइडनं माल्टची गोलाई वाढते. दोन्ही एकदम भरमसाट घातलं तर बिअर खनिज पाण्यासारखी लागते.

अहवाल मिळत नसेल किंवा जुना असेल, तर मत्स्यालयवाले वापरतात ते केएच, म्हणजे क्षारता, मोजायचं किट घ्या. पाण्याचा स्रोत ऋतूप्रमाणे बदलतो, त्यामुळे प्रत्येक बॅचच्या आदल्या दिवशी मोजलेलं बरं. किटचा आकडा जर्मन अंशांत येतो, त्याला 17.9 नं गुणलं की वरच्या हिशोबात थेट बसतो.