उणे ऐंशी

[पडदा काळा. फक्त घरघर. मग दाराची कडी सुटल्याचा आवाज.]

ही घरघर चोवीस तास चालू असते. तळघरातली खोली, खिडकी नाही. भिंतीला लागून एका ओळीत उभे फ्रीजर, कपाटाएवढे. प्रत्येकाच्या कपाळावर लाल आकडा : उणे ८०.

दार उघडलं की आधी धुकं बाहेर येतं, मग हात आत जातो. दार फार वेळ उघडं ठेवायचं नाही, हा इथला दंडक. त्यामुळे एवढंसं दृश्य आम्हाला तुकड्या-तुकड्यांनी, वेगवेगळ्या दिवशी घ्यावं लागलं.

कप्पा बाहेर येतो. कप्प्यात डबा. डब्यात नऊ ओळी, ओळीत नऊ खाचा, म्हणजे ८१ कुप्या. करंगळीच्या दोन पेरांएवढी कुपी आणि तिच्या तळाशी मण्याएवढा फिकट कण.

कुणाच्या तरी स्तनातल्या गाठीचा तो तुकडा. त्यावर नाव नाही, बारकोड आहे.

कर्करोगाचं संशोधन म्हटलं की डोळ्यांपुढे सूक्ष्मदर्शक येतो, पांढरा कोट येतो. आम्हीही पहिल्या दिवशी तेच मागितलं. अमेरिकेतल्या या केंद्रातल्या लोकांनी आम्हाला लिफ्टमध्ये घातलं आणि खाली आणलं.

[ऑपरेशन थिएटरबाहेरचा कॉरिडॉर. ट्रे घेऊन चालणारे पाय.]

तो कण तिथपर्यंत पोचतो कसा, ते पाहू.

गाठ काढली की घड्याळ सुरू होतं. रक्तपुरवठा तुटलेली उती आतून बदलायला लागते. काही रेणू काही मिनिटांतच मोडू लागतात. म्हणून ट्रेवरच्या कागदावर गाठ कधी निघाली ती वेळ लिहिलेली असते, अगदी मिनिटासकट. ट्रे नेणारी बाई धावत नाही, पण तिच्याबरोबर चालताना आमच्या कॅमेरामनला धाप लागली.

[पॅथॉलॉजीचं टेबल. रंगाचा ब्रश. सुरी.]

इथे पॅथॉलॉजिस्ट गाठीला बाहेरून रंग लावतात. एका बाजूला काळा, दुसऱ्या बाजूला निळा. नंतर काचपट्टीवर पाहताना कोणती कड कुठली, आणि कर्करोगाच्या पेशी कडेपर्यंत पोचल्या होत्या का, हे त्या रंगावरून कळतं. मग काप. निदानासाठी लागेल तेवढं आधी बाजूला. त्याला कुणी हात लावत नाही; रुग्णाचं निदान पहिलं, संशोधन नंतर. उरलंच तर आणि जिची गाठ आहे तिने संमतीपत्रावर सही केली असेल तरच, एक तुकडा या छोट्या कुपीत. कुपी द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांत.

[नायट्रोजनचा फुत्कार. निवेदन थांबेल.]

बारकोड वाचला जातो. गाठ निघाल्यापासून गोठेपर्यंत किती मिनिटं गेली, ते संगणकात चढतं. हा आकडा नसेल तर पुढे दहा वर्षांनी एखादा संशोधक विचारणार, या उतीत हा रेणू कमी दिसतोय तो रोगामुळे की ट्रे कॉरिडॉरमध्ये पडून राहिला म्हणून? उत्तर कुणाकडेच नसेल, आणि कुपी असून नसल्यासारखी होईल.

ट्रे नेणारी, पॅथॉलॉजिस्टचा मदतनीस, बारकोड लावणारा, वर्षा-दोन वर्षांनी त्या बाईला फोन करून ‘तब्येत कशी आहे’ विचारणारी समन्वयक : संशोधनाच्या निबंधावर यांपैकी कुणाचंही नाव सहसा येत नाही. पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. तो कोण देतं, ही आमची गोष्ट.

[टेबलावर जाडजूड अर्ज. पानं उलटणारा हात.]

नेहमीचं संशोधन अनुदान असं असतं : एक शास्त्रज्ञ, एक प्रश्न, तीन ते पाच वर्षं. अर्जात विचारलेलं असतं, प्राथमिक निष्कर्ष काय? म्हणजे थोडं काम आधीच करून दाखवा. ते करायला उती लागते, माणूस लागतो, पैसा लागतो. त्या पैशासाठी तर अर्ज. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातला प्रकार.

ज्या केंद्रात स्तनाच्या कर्करोगाचं काम आधीपासून जोरात आहे, त्यांना ही अडचण कमी. जिथे चांगले सर्जन आहेत, रुग्ण आहेत, पेशींवर काम करणारी एखादी प्रयोगशाळाही आहे, पण ही मंडळी एकमेकांना फक्त लिफ्टमध्ये भेटतात, तिथे कार्यक्रम उभा राहायचा कसा? त्यासाठी वेगळा पैसा लागतो. प्रयोगासाठी नाही, प्रयोग करता येईल अशी जागा तयार करण्यासाठी. नियोजनासाठी, नव्या माणसांसाठी, फ्रीजरसाठी.

हा पैसा मिळवणं सर्वांत अवघड. इमारतीला देणगीदार मिळतो, यंत्रालाही मिळतो. फ्रीजरच्या वीजबिलावर कुणाच्या स्मरणार्थ पाटी लावता येत नाही.

[जुनी कृष्णधवल छायाचित्रं. २३ डिसेंबर १९७१. टेबलापाशी राष्ट्राध्यक्ष निक्सन, हातात पेन.]

अमेरिकेत या विचाराला कायद्याचा आधार मिळाला तो या सहीने. राष्ट्रीय कर्करोग कायदा. देशभर कर्करोग केंद्रं उभी करायची, असं या कायद्याने ठरवलं. राष्ट्रीय कर्करोग संस्थेची मान्यता असलेली अशी केंद्रं आज सत्तरहून जास्त आहेत. त्यांना मिळणारं केंद्र-अनुदान मुख्यतः सामायिक गोष्टींसाठी असतं : उतीसंग्रह, संख्याशास्त्रज्ञ, रुग्णांवरच्या उपचार-चाचण्यांचं कार्यालय, आणि विकासनिधी म्हणून ठेवलेली एक रक्कम. एकेका प्रयोगाचा खर्च त्यातून भागवायचा नसतो, तो ज्याने त्याने आणायचा.

पण केंद्र असणं वेगळं आणि त्या केंद्रात स्तनाच्या कर्करोगाचा कार्यक्रम असणं वेगळं. तो आणला बायकांनी.

[पत्रांनी भरलेली खोकी. एकावर एक. कॅमेरा वर-वर जातो.]

१९९१. स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या आणि त्यांच्या बरोबरच्या बायकांनी राष्ट्रीय आघाडी स्थापन केली आणि एक मोहीम काढली. त्या वर्षी जितक्या जणींना हा रोग होईल असा अंदाज होता, तितकी पत्रं राजधानीत पाठवायची. अंदाज होता १ लाख ७५ हजारांचा. पत्रं आली ६ लाख.

पुढच्या वर्षी मागणी ठरली : संशोधनासाठी ३० कोटी डॉलर जास्तीचे. पैसा आहे, पण तो संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकात, आणि त्या वेळच्या नियमानुसार तिथला पैसा नागरी खात्यांकडे वळवायचा नाही. टॉम हार्किन नावाचे सिनेटर होते. त्यांच्या दोन बहिणी याच रोगाने गेलेल्या. त्यांनी तोड काढली. पैसा बाहेर नेता येत नाही ना, मग संशोधनच आत आणू. २१ कोटी डॉलर, लष्कराच्या खात्यात, स्तनाच्या कर्करोगासाठी. रणगाडे आणि दारूगोळा सांभाळणाऱ्या खात्याकडे आता गाठींवरचे अर्ज येऊ लागले. काही वर्षांतच ते अर्ज तपासणाऱ्या समित्यांवर शास्त्रज्ञांच्या शेजारी या रोगातून गेलेल्या बायकाही बसू लागल्या, मताच्या अधिकारासह. आम्हाला विचाराल तर २१ कोटींपेक्षा ती खुर्ची मोठी.

आघाडी थांबली नाही. १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हाती २६ लाख सह्या देण्यात आल्या.

[टपाल तिकीट, भिंगाखाली. रेषांनी काढलेली स्त्री, वर गेलेला हात.]

आणि हे तिकीट. १९९८. साधं तिकीट ३२ सेंटचं, हे ४० सेंटचं. वरचे पैसे संशोधनाला. अमेरिकन टपालखात्याने अशा कारणासाठी काढलेलं हे पहिलंच तिकीट. कल्पना एका सर्जनची, अर्नी बोडाई यांची. १०० कोटींहून जास्त तिकिटं खपली, ९ कोटी डॉलरहून जास्त जमले. आलेल्या पैशातला ७० टक्के वाटा राष्ट्रीय आरोग्य संस्थांना, ३० टक्के त्या लष्करी कार्यक्रमाला. आठ-आठ सेंटांची ही गोष्ट कॅमेऱ्याला फार आवडते, म्हणून ती इथे जरा लांबली.

[परत तळघर. फ्रीजरची रांग.]

आता एका वेगळ्या फ्रीजरबद्दल. टेक्सास, सॅन अँटोनिओ. तिथे विल्यम मॅकग्वायर यांची प्रयोगशाळा होती. गाठीत इस्ट्रोजेनचे ग्राही, म्हणजे ते संप्रेरक पकडणारी प्रथिनं, आहेत का, ही तपासणी तिथे होत असे आणि त्या काळात तिला गोठवलेली उती लागायची. ठिकठिकाणच्या रुग्णालयांतून तुकडे यायचे. तपासणी झाली की थोडं उरायचं. हे उरलेलं टाकून देता आलं असतं. ते ठेवलं गेलं, आणि त्याच्या जोडीला त्या रुग्णांचं पुढे काय झालं याच्या नोंदीही.

लॉस एंजेलिसमध्ये डेनिस स्लेमन यांच्याकडे एक जनुक होता, हर-टू. गाठींमध्ये त्याच्या जास्तीच्या प्रती होतात का, आणि झाल्या तर त्या बाईचं पुढे काय होतं, हे त्यांना पाहायचं होतं. प्रश्न मोठा, पण उत्तरासाठी गाठी हव्यात, आणि गाठींमागची माणसं हवीत. दोन्ही सॅन अँटोनिओत गोठून पडलं होतं. १९८७ मध्ये निष्कर्ष छापून आले : १८९ गाठी तपासल्या, सुमारे ३० टक्क्यांमध्ये या जनुकाच्या जादा प्रती, आणि अशा रुग्णांत रोग लवकर उलटतो.

हे ‘लवकर उलटतो’ कशावरून कळलं? कुणीतरी वर्षानुवर्षं फोन केले होते, वहीत लिहून ठेवलं होतं म्हणून.

या जनुकाच्या प्रथिनाला अडवणारं औषध, ट्रॅस्टुझुमॅब, १९९८ मध्ये मंजूर झालं.

[बैठकीच्या खोलीचं बंद दार. काचेतून हलणाऱ्या आकृत्या.]

आत नियोजनाची बैठक चालू आहे. कॅमेरा आत नेऊ दिला नाही, म्हणून दारच पाहा. आत सर्जन आहे, पॅथॉलॉजिस्ट आहे, पेशीशास्त्रज्ञ आहे आणि संख्याशास्त्रज्ञही आहे. संख्याशास्त्रज्ञाला बहुतेक वेळा शेवटी बोलावतात, सगळं होऊन गेल्यावर. आज पहिल्या दिवसापासून बसवलंय, ही नियोजनासाठी मिळालेल्या पैशाची करामत.

१९९२ पासून ‘स्पोर’ या नावाने ओळखली जाणारी मोठी अनुदानं सुरू झाली. अवयवानुसार एकेक कार्यक्रम, आणि स्तन त्यात सुरुवातीपासून. त्यांची अट आम्हाला आवडली. प्रत्येक प्रकल्पाला दोन प्रमुख हवेत, एक प्रयोगशाळेतला, एक रुग्ण पाहणारा. प्रकल्प अनुदानाच्या मुदतीत माणसापर्यंत पोचला पाहिजे, उंदरापाशी थांबून चालणार नाही. उतीसंग्रह हवाच. आणि काही रक्कम राखून ठेवायची दोन कामांसाठी : अजून कच्च्या असलेल्या कल्पनांना छोटी अनुदानं, आणि नव्या माणसांना या कामात आणणं. यातल्या बऱ्याच कच्च्या कल्पना फसतात. त्या फसाव्यात म्हणूनच तो पैसा वेगळा काढलेला असतो. पाच वर्षांचं मोठं अनुदान मिळाल्यावर फसण्यापेक्षा हे स्वस्त.

नॉर्थ कॅरोलिनाच्या विद्यापीठाला असं अनुदान मिळालं. तिथे एक अभ्यास उभा राहिला. परिचारिका घरोघरी गेल्या, कृष्णवर्णीय आणि तरुण स्त्रिया मुद्दाम जास्त संख्येने निवडल्या, कारण आधीच्या अभ्यासांत त्या फार कमी असायच्या. गाठींचे नमुने जमा झाले. २००६ मध्ये दिसलं की रजोनिवृत्तीआधीच्या कृष्णवर्णीय स्त्रियांत ‘बेसल’ प्रकारच्या, आक्रमक गाठींचं प्रमाण ३९ टक्के आहे. कृष्णवर्णीय नसलेल्या स्त्रियांत १६.

[तळघर. रांगेतला शेवटचा फ्रीजर. दार उघडतं. आत काही नाही.]

हा रिकामा आहे. आणि चालू आहे.

शेजारचा कुठलाही बंद पडला तर त्यातलं सगळं इथे हलवायचं, म्हणून. एकदा वितळलेली उती परत गोठवून पूर्ववत होत नाही. हिशेब तपासणारे दर वेळी विचारतात, रिकाम्या फ्रीजरला वीज कशाला? आणि दर वेळी कुणीतरी त्यांना खाली आणून दाखवतं.

केंद्राच्या मोठ्या अनुदानाची मुदत संपत आली आहे. नवा अर्ज गेलाय. मधल्या काळात समन्वयकांची एक जागा भरलेली नाही, त्यामुळे काही जणींना करायचे फोन राहिलेत. चालू आहे तसं चालू आहे.

[संध्याकाळ. छोटा प्रिंटर. लेबलांची पट्टी बाहेर येत राहते.]

उद्याची यादी आली आहे. तीन ऑपरेशनं. तिघींनी सही केली आहे.

लेबलं आजच छापून ठेवायची, असा नियम. एकेका कुपीला एकेक. कुप्या अजून रिकाम्या आहेत.

[मुलगी लेबल चिकटवते, अंगठ्याने कड दाबते. पुढची कुपी. मागे घरघर. निवेदन नाही.]