कोलाला इंग्रजी समजत नाही

मागे आवाज पोचतोय ना? नसेल तर हात वर करा, कारण आज सगळा कारभार आवाजाचाच आहे.

आधी एक सांगून टाकते, मी साहित्याची प्राध्यापक वगैरे नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे अकरा वर्षं नायजेरियात, लागोसला होते आणि तिथे एका शाळेत गणित शिकवायचे. पोरं रोज सकाळी "मॉर्निंग मा" म्हणायची, हे "मा" म्हणजे मॅडमचंच पिल्लू, पण मला पहिले कितीतरी दिवस वाटायचं की ही मुलं आपल्याला आई का म्हणतायत. तर योरुबा लोकांत मी राहिले आणि इग्बो मला स्टाफरूममध्ये भेटले, शेजारच्या टेबलावरचे फिजिक्सचे सर. योरुबा देश पश्चिमेला, लागोस, इबादान, ओयो हा पट्टा, आणि इग्बो देश मुख्यतः नायजर नदीच्या पूर्वेला, ओनित्शा, एनुगू, ओवेरी. दोन्ही भाषा कोट्यवधी लोकांच्या आणि एकमेकींना अजिबात न कळणाऱ्या. "इग्बो" मधला ग आणि ब एकदमच म्हणायचा असतो, मला अकरा वर्षांत जमला नाही, तुम्ही घरी जाऊन करून बघा.

एका ख्रिसमसला त्या सरांच्या गावी गेलो, एनुगूच्या पुढे. ओसरीवर बसलो तर पाणी नाही, चहा नाही, लाकडी ताटलीत कोलाचं बी आलं. त्याला ते ओजी म्हणतात. ही ताटली आधी सगळ्यांच्या हातातून फिरते, प्रत्येकजण नुसता हात लावून पुढे देतो आणि ती परत घरमालकाकडे येते. आता आमचे हे पडले घाईचे, त्यांनी एक उचलून तोंडात टाकायचीच तयारी केली होती, मी चिमटा काढला. मग सरांचे वडील उठले आणि ते बी हातात धरून प्रार्थना सुरू केली, चांगली दहा मिनिटं, इग्बोत. सर आम्हाला इंग्रजीत सांगायला लागले तर म्हातारबुवांनी त्यांना गप्प केलं आणि नंतर हसत म्हणाले, कोलाला इंग्रजी समजत नाही.

मला वाटलं हा त्यांचा विनोद. नंतर कळलं की ही अख्ख्या इग्बो मुलखातली ठरलेली म्हण आहे, विलायतेत शिकलेला माणूससुद्धा कोला फोडताना इग्बोतच बोलणार. त्या प्रार्थनेतली एक ओळ मी लिहून घेतली, एग्बे बेरे, उगो बेरे, म्हणजे घारही बसू दे, गरुडही बसू दे, आणि जो दुसऱ्याला बसू देणार नाही त्याचा पंख मोडो. शेवटचा भाग बघा, तिथवर आशीर्वादच होता.

मग फोडतात आणि पाकळ्या मोजतात. चार निघाल्या तर आनंद, कारण इग्बो आठवडा चार दिवसांचा, एके, ओरिये, आफो, न्क्वो, हे चारही बाजाराचे दिवस. सोबत शेंगदाणे वाटून केलेली तिखट चटणी, आणि ती होती म्हणून बरं, कारण कोला कडूजहर लागतो. निघताना एक अख्खं बी हातात दिलं, घरी न्यायला. का, तर ओजी घरी पोचला की कुठून आला ते सांगतो. आपला पानसुपारीचा मान आठवला, पण आपली सुपारी बोलत नाही हो.

आता बोलण्यावरून, दोन्ही भाषा सुरांच्या आहेत. योरुबात तीन सूर, खालचा, मधला, वरचा, आणि पोरांना शाळेत ते दो-रे-मी असेच शिकवतात. ओको हा शब्द घ्या, दोन्ही अवयव मधल्या सुरात म्हणालात तर नवरा, शेवट वर नेलात तर कुदळ, शेवट खाली आणलात तर गाडी किंवा होडी, आणि दोन्ही खाली म्हणालात तर भाला. इग्बोत आक्वा, रडणं, कापड, अंडं, पलंग, चारी अर्थ फक्त सुरावर. मी बाजारात अंडी मागायचे तेव्हा बाई इतकी का हसायची हे मला दोन वर्षांनी कळलं.

आणि म्हणून तिथला ढोल बोलतो. बोलतो म्हणजे अलंकारिक नाही, खरंच. दुंदून नावाचा ढोल आपल्या डमरूसारखा कमरेत बारीक, दोन्ही तोंडांना जोडणाऱ्या वाद्या असतात, तो काखेत धरून दाबला की सूर चढतो, सोडला की उतरतो, आणि वाकड्या काठीने वाजवतात. त्यात अक्षरं नसतात, फक्त सूर आणि लय. मग एका सुरावळीचे पन्नास अर्थ होतील की! म्हणून ढोलकरी सुटा शब्द वाजवतच नाही, ठरलेली लांबलचक वाक्यं वाजवतो, म्हणी, घराण्यांची ओरिकी. ओरिकी म्हणजे बिरुदावली म्हणा, पण त्यात नुसती स्तुती नसते, आजोबा कर्जबाजारी होते हेही त्यात असू शकतं. या वादकांची घराणी आहेत आणि त्यांची नावं आयान या अक्षरांनी सुरू होतात. लग्नात हा माणूस बरोबर तुमच्यासमोर येऊन वाजवतो, ज्याला आपली ओरिकी ऐकू येते तो उठून नाचतो आणि नोटा त्याच्या कपाळाला चिकटवतो. माझ्यासमोर वाजवलं तेव्हा मी नुसती बघत बसले, कारण मला ते संगीत वाटत होतं.

हे मिशनऱ्यांचंही झालं. त्यांनी योरुबा शब्द घेतले आणि इंग्रजी चर्चच्या चालींवर बसवले. चाल वर जाते तिथे शब्द खाली जाणारा, अर्थाची पार वाट! लोक वर्षानुवर्षं भक्तिभावाने काहीतरी भलतंच गात होते. मग रेव्हरंड जोसाया रॅन्सम-कुटी यांच्यासारख्या लोकांनी उलटं केलं, बोलण्याच्या सुरातूनच चाल काढली, आणि 1920 च्या दशकात लंडनला जाऊन त्याच्या रेकॉर्डही केल्या. फेला कुटी माहितीय ना, नायजेरियाचा गायक, आफ्रोबीटवाला, त्याचे हे आजोबा.

इफाबद्दल मी जास्त वेळ घेणार आहे, कारण तिथे माझं गणित कामाला आलं. इफा म्हणजे योरुबांचं भविष्य बघणं, पण हा शब्द फार तोकडा आहे. बाबालावो, म्हणजे रहस्याचा बाप, ताडाच्या 16 बिया एका हातातून दुसऱ्या हातात झपकन घेतो, मागे एक उरली तर पाटावरच्या भुकटीत दोन रेघा ओढतो, दोन उरल्या तर एक. असं आठ वेळा. आता आठ जागा, प्रत्येकी दोन शक्यता, म्हणजे दोनाचा आठवा घात, 256. बरोब्बर तितकेच ओदू, म्हणजे रेघांच्या आकृत्या, आहेत, त्यातले 16 मुख्य. मी हे स्टाफरूममध्ये फळ्यावर मांडलं तर योरुबाच्या बाई म्हणाल्या, आमच्या आजोबांना हे फळ्याशिवाय येत होतं.

प्रत्येक ओदूखाली ढीगभर कविता. सगळ्या पाठ, शिकायला वर्षं लागतात. कवितेची घडण ठरलेली, आधी जुन्या बाबालावोंची नावं, ती नावंच कोड्यासारखी, मग त्यांनी कुणासाठी बघितलं, तेव्हा त्या माणसावर काय वेळ आली होती, काय अर्पण करायला सांगितलं, त्याने केलं की नाही, पुढे काय झालं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, गेलेला माणूस आपला प्रश्न बाबालावोला सांगतच नाही! तो नाण्याशी कुजबुजतो. बाबालावो कविता म्हणत राहतो आणि ऐकणाराच ठरवतो, थांबा, ही माझी. युनेस्कोने 2005 मध्ये इफाला मानवजातीच्या मौखिक आणि अमूर्त वारशाचा मान दिला तो फक्त भविष्यासाठी दिला असं मला तरी वाटत नाही.

लिहिण्याचा इतिहास पटकन सांगते. सॅम्युअल अजायी क्राउदर, लहानपणी गुलाम म्हणून पकडला गेलेला योरुबा मुलगा, इंग्रज नौदलाने जहाजातून सोडवला, पुढे 1864 मध्ये बिशप झाला, आणि त्याचा योरुबा शब्दसंग्रह 1843 चा. दुसरे सॅम्युअल जॉन्सन, त्यांनी ओयोच्या राजवाड्यातल्या आरोकिनांकडून, म्हणजे इतिहास पाठ ठेवणाऱ्या भाटांकडून ऐकून योरुबांचा मोठा इतिहास लिहिला, 1897 मध्ये पुरा केला, इंग्लंडला पाठवला, आणि हस्तलिखित तिकडे हरवलं! 1901 मध्ये ते गेले. मग डॉक्टर भावाने टिपणांवरून सगळं परत लिहिलं, छापून आलं 1921 ला. कागद हरवला, भाटांचं पाठांतर मात्र हरवलं नव्हतं. आणि 1938 मध्ये फागुनवा यांनी योरुबातली एक गाजलेली कादंबरी आणली, शिकारी आणि भुताखेतांच्या रानाची, तिची सुरुवातच अशी की मी हे ढोलासारखं वाजवतोय, ज्याला कळेल त्याने नाचावं. म्हणजे छापील पुस्तकसुद्धा आधी कानालाच हाक मारतं.

इग्बोंचं प्रकरण जरा भांडणाचं. 1913 मध्ये मिशनऱ्यांनी पाच-सहा बोलींची भेळ करून एक इग्बो बायबल काढलं, सगळ्यांना चालेल म्हणून, आणि ती कुणाच्याच घरातली भाषा झाली नाही. इग्बो कादंबरीकार चिनुआ अचेबेंचा यावर जन्मभर राग. 1999 मध्ये ओवेरीला मोठ्या व्याख्यानाला बोलावलं तर ते मुद्दाम आपल्या भागातल्या बोलीतच बोलले, त्यावर केवढा वाद झाला. इथे कोल्हापूर-नागपूरची मंडळी हसतायत, ठीक आहे, मी काही बोलत नाही.

मघाशी कुणीतरी चिठ्ठी पाठवलीय, की आता मोबाइलवर अक्षरांवरची ही सुरांची चिन्हं कोण टाइप करतं. जवळजवळ कुणीच नाही. लोक संदर्भावरून ओळखतात, त्यांचं अडत नाही, अडतं माझं. त्या योरुबाच्या बाईंचा मागच्या वर्षी मेसेज आला, "ओको मी ती बाजे", चिन्हं शून्य. माझी तोडकीमोडकी योरुबा, मी वाचलं, माझा नवरा बिघडला. मी घाबरून लगेच लांबलचक उत्तर लिहिलं, धीर धर, बोलून बघ, घरातल्या मोठ्यांना मध्ये घाल. दोन मिनिटांनी त्यांचा व्हॉइस नोट, आधी अर्धा मिनिट नुसतं हसणं, मग शेवट खाली आणत सावकाश, ओको, ओको, अगं गाडी बंद पडलीय. तेव्हापासून त्या मला टाइप करत नाहीत.