काट्यामागचा एसएमपीएस

नमस्कार श्रोतेहो. कापसाचा हंगाम भरात आहे, जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, फाटकाबाहेर ट्रॉल्यांची रांग लागलीय. मी वजनकाटे दुरुस्त करतो, तेव्हा आज काट्याबद्दलच बोलतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगवर संध्याकाळी बोलावणं आलं. काट्यावर कापसाची ट्रॉली उभी आणि आकडा नाचतोय. कधी वीस किलो वर, कधी तीस खाली. ट्रॉलीवाले काका मला म्हणाले, "भाऊ, याच्यातलं खरं वजन कोनतं धरू मी?"

सगळ्यांनी लोडसेलवर, म्हणजे काट्याखालच्या वजन जाणणाऱ्या भागावर, बोट ठेवलं होतं. मी पॅनल उघडलं. आत 35 मिलिमीटर रुंदीच्या लोखंडी पट्टीवर, म्हणजे डिन रेलवर, तळहाताएवढा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बसवलेला. 230 व्होल्ट घेऊन इंडिकेटरला, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणाऱ्या यंत्राला, 24 व्होल्ट डीसी देणारा. त्याच्या जाळीवर रुईच्या तंतूंचा थर इतका जाड, की बोटानं सोलून काढला. आणि त्याच 24 व्होल्टवर प्रेसचे, म्हणजे गाठी दाबणाऱ्या यंत्राचे, कॉन्टॅक्टरही जोडलेले! कॉन्टॅक्टर म्हणजे मोटर चालू-बंद करणारा विजेचा खटका. कॉन्टॅक्टर खटकन पडला की आकडा उडे.

असं का होतं, बघा. लोडसेलला 10 व्होल्ट दिले, तर पूर्ण वजनाला तो परत देतो जेमतेम 20 मिलिव्होल्ट. साठ टनांच्या काट्यावर दहा किलोचं एक घर, म्हणजे आकड्याची सगळ्यात लहान पायरी, म्हणजे व्होल्टचा तीन-लाखावा भाग, खरं तर त्याहूनही कमी. एवढ्या बारीक विजेच्या शेजारी कॉन्टॅक्टरची कॉइल धक्के देत असेल, तर इंडिकेटरनं काय वाचायचं? आणि 2025-26 ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ठरला क्विंटलला 8110 रुपये. एक घर चुकलं की 811 रुपये इकडचे तिकडे. कुणाच्या तरी घरातले.

काट्याला वेगळा एसएमपीएस लावला, कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर तिचा धक्का गिळणारा डायोड टाकला, लोडसेलच्या केबलची जाळी एकाच टोकाला अर्थ केली. प्रेस चालू ठेवूनच काकांची ट्रॉली पुन्हा चढवली. आकडा जागचा हलला नाही.

जिनिंगवाल्यांनो, काट्याचा एसएमपीएस फक्त काट्यालाच ठेवा. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पार बसतं, म्हणून 85 ते 264 व्होल्टवर चालणाराच घ्या. वर-खाली चार बोटं जागा सोडा. 50-60 अंशांच्या पुढे यांची ताकद कमी होत जाते, आणि टिनाखालच्या बंद पॅनलात मे महिन्यात तेवढं सहज तापतं. रुई मात्र दर आठवड्याला झाडाच.

आणि शेतकरी भावांनो, गाडी चढवण्याआधी रिकामा काटा शून्यावर आहे का, ते स्वतः बघा. वैधमापनाचा शिक्का दरवर्षीचा असतो, त्याची तारीख विचारा. आकडा थरथरत असेल तर पावती घेऊ नका. गाडी उतरवून पुन्हा चढवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.